छप्पर असलेला किल्ला

माझा थोरला भाऊ कागद दुमडतो. मी कागद कापतो. यावरून आमच्यात वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

भाऊ विरारजवळ आगाशीला आमच्या जुन्या घरी राहतो. मागे केळी आणि पानवेलींची वाडी आहे. ती त्याने जन्मभर राखली. मी बोळिंजच्या एका संकुलात राहतो. नोकरी वालीवच्या एका कारखान्यात होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे साचे बनवण्याचे काम होते. काप कोठे पडावा आणि घडी कोठे पडावी, एवढाच त्यातला प्रश्न असे. निवृत्तीनंतर हाताला दुसरे काही येत नव्हते, म्हणून कागदाच्या प्रतिकृती करू लागलो. पत्नी गेल्यापासून जेवणाचे टेबल रिकामेच असते.

या छंदात जपानी लोक पुढे. इमारती, जहाजे, पक्षी यांचे सुटे भाग ते काटेकोर आखून इंटरनेटवर ठेवतात. आपण ते जाड कागदावर छापून घ्यायचे, कापायचे, घडीच्या जागी शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबायची आणि पांढऱ्या गोंदाने जोडायचे. भावाची रीत त्याच देशाची, पण जुनी. एक चौरस कागद. कात्री नाही, गोंद नाही. त्याच्या नातीने त्याला एका सुट्टीत करकोचा करायला शिकवले. नात पुण्याला शिकायला गेली. करकोचे घरात वाढत राहिले. तो कागद टेबलावर ठेवत नाही. हवेत धरून दुमडतो आणि नखाने घडी मारतो.

"तू कागदाचा खाटीक आहेस," तो मला म्हणे.

"आणि तू पुडीवाला. भजी कुठायत?"

वहिनी आतून म्हणत, "पिकली पानं दोन्ही, आणि भांडण कशावरून, तर कागदावरून. भावजी, चहा घेता का तो पण कापून देऊ?"

असे चालले होते. मग भावाला काचबिंदू निघाला.

निघाला तेव्हा उशीर झालेला होता. काचबिंदू दुखत नाही. कडेचे दिसणे आधी जाते आणि माणसाला वाटते, आपण वेंधळे झालो. भाऊ वाडीत पानवेलींच्या आधाराच्या काठ्यांवर आदळू लागला, तेव्हा वहिनींनी त्याला विरारला डॉक्टरांकडे नेले. मी सोबत होतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालावेत, उरलेली काही काळ टिकेल. किती काळ, असे मी विचारले. सांगता येत नाही, असे ते म्हणाले.

परत येताना रिक्षा केली. आगाशीच्या बाजारात गाडी अडकली तेव्हा भाऊ एकदम म्हणाला, "तुझ्याकडे जपानचा तो पांढरा किल्ला आहे ना, कागदाचा?"

"भाग छापून ठेवलेत. केला नाही अजून."

"कर."

"का?"

"जन्मभर वसईचा किल्ला बघितला. भिंती आहेत, बुरूज आहे, छप्पर कशालाच नाही. एक तरी किल्ला छपरासकट बघू दे."

वहिनी रिक्षाबाहेर पाहत राहिल्या. मी म्हटले, "करतो."

काम मोठे होते. दगडी चौथरा, त्यावर एकावर एक चढत गेलेले मजले, प्रत्येक मजल्याला वळणदार छप्पर. छपरे पाच. कौलांच्या पन्हाळीच्या प्रत्येक रेघेवर बॉलपेन दाबावे लागते. छप्पर दुपदरी असते: वर छापलेला कागद, खाली कोरा पुठ्ठा. हे दोन पदर चिकटवताना एक नियम पाळावा लागतो. कागदाला लाकडासारखे तंतू असतात आणि ते एकाच दिशेने जातात. वरच्या आणि खालच्या पदरांचे तंतू एका दिशेने हवेत. आडवे आले की दमट हवेत एक पदर एकीकडे फुगतो, दुसरा दुसरीकडे, आणि छपराचा कोपरा उठतो. खाडीच्या आणि समुद्राच्या मध्ये राहणाऱ्याने हे विसरू नये. वालीवला मी हेच नव्या पोरांना शिकवत असे.

पहिले छप्पर छान बसले. पुढच्या दोन छपरांची पाने दमट हवेने खराब झाली होती, ती पुन्हा छापावी लागली. स्टेशनजवळच्या दुकानात लहान आकाराचा जाड कागद संपला होता. दुकानदार म्हणाला, "काका, मोठ्या शीटवर दोन पानं शेजारी शेजारी काढतो, मधून कापून घ्या. सेम टू सेम." मी घेतली. मोठा कागद मधून कापला की पानाचा आकार तोच राहतो, पण तंतू उभ्याचे आडवे होतात. मला हे ठाऊक होते. त्या दिवशी मात्र डोक्यात फक्त एवढेच होते की भावाने सकाळी चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवला होता. मला घाई होती.

तिसऱ्या छपरापर्यंतचा भाग मी श्रावणात एकदा खोक्यात घालून आगाशीला नेला. दाखवायला नव्हे. भावाकडे एक बारीक चिमटा होता, तो वापरून पाहायचा होता. खोके उघडताच त्याने हात पुढे केला.

"बघू नकोस. पुरा झाल्यावर बघ," मी म्हटले.

"बघत नाही. हात लावतो."

त्याने डोळे मिटून घेतले. बोट पहिल्या छपराच्या कडेवरून फिरले, दुसऱ्यावर गेले आणि कोपऱ्याशी थांबले.

"हा उठलाय."

"कुठे?"

"इथे. तिसऱ्याचा पण. कागद आडवा घेतलास."

मी चष्मा चढवून पाहिले. कोपरा उठला होता, नखाच्या जाडीएवढा. पाऊस जाईपर्यंत वाढला असता.

"एवढं कोणाला दिसत नाही," मी म्हटले.

शब्द तोंडातून गेला होता. भाऊ हसला. "मला तर काहीच दिसत नाही धड. बोटाला लागतं ते सांगतोय. काढ ते."

"दादा, दोन्ही मजले उतरवावे लागतील. भिंतीसुद्धा फाटतील. परत छापायचे, कापायचे. गणपती उलटतील."

"उलटू देत."

"वेळ जाईल."

"कोणाचा? तुझा की माझा?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, राहू द्या की एक कोपरा. आहे तसा बघून घ्या. किती सुंदर झालंय."

"अगं, छप्पर उचललेलंच बघायचं तर आपला वसईचा काय वाईट आहे?"

वहिनी हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

डॉक्टरांचे शब्द त्याने ऐकले होते आणि मीही ऐकले होते. तो काय पणाला लावत होता, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. मी दोन्ही मजले उतरवले.

यापुढचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मी कापत होतो, दाबत होतो, चिकटवत होतो. दर कागदाची एक पट्टी ओली करून, ती कोणत्या अंगाने वळते ते पाहून मगच पुढे जात होतो. गोंद वाळण्यास जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. दमट दिवसांत दुप्पट लागतो. त्यावर काही उपाय नाही. मी टेबलावर पंखा लावला. सुटे भाग उडाले. पंखा बंद केला. बसून राहिलो.

मधल्या काळात मी आगाशीला जाऊन येत असे. भाऊ ओटीवर बसून दुमडत असे. त्याचे करकोचे बिघडले नव्हते. डोळ्यांचे त्यांना काही काम नव्हते. एकदा त्याने मला समजावून सांगितले, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी. "आधी दारात उभं राहून बघितल्यासारखं होतं. मग खिडकीतून. आता कुलपाच्या भोकातून. तू बोलतोस तेव्हा मला तुझं नुसतं नाक दिसतं. तसं तू नाकच आहेस म्हणा."

"तयार आहे तेवढा आणतो," मी म्हटले. "उद्याच आणतो. तीन मजले उभे आहेत. तेवढे बघून घे."

"अर्धा किल्ला वसईत आहे."

"दादा, ऐक माझं."

"नाही." हातातल्या करकोचाची घडी मारून तो म्हणाला, "तू हात थरथरू देऊ नकोस. बाकी मी बघतो."

मी बसने घरी आलो. त्या दिवशी कटरला हात लावला नाही.

गणपती उलटले. नवरात्रही उलटले. हवा कोरडी पडू लागली तसे काम भराभर पुढे सरकले. हीच हवा मला श्रावणात हवी होती. पाचवे छप्पर बसले. त्याच्या कण्यावर दोन्ही टोकांना दोन मासे असतात. आगीपासून राखण करतात, असे जपानात मानतात. ते चिमट्याने बसवले. पाचही छपरांच्या सर्व कोपऱ्यांवरून मी डोळे मिटून बोट फिरवले. एकही उठलेला नव्हता.

किल्ल्यासाठी खोके मीच बनवले. वालीवला बनवलेल्या कोणत्याही खोक्याहून ते चांगले झाले. रिक्षावाल्याला सावकाश चालवण्यास सांगितले. त्याने विचारले, "केक आहे का?" मी हो म्हटले.

भाऊ ओटीवर होता. वहिनींनी त्याच्या सदऱ्याचे बटण लावून दिले होते. पूर्वी तो ते करू देत नसे. मी खोके स्टुलावर ठेवून उघडले. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"झाला?" भावाने विचारले.

"झाला."

त्याने आधी हात लावला. चौथऱ्यापासून वर. प्रत्येक छपराच्या प्रत्येक कोपऱ्यावर बोट गेले. दुसरे. तिसरे.

"आता बसलं," तो म्हणाला. "खाटीक सुधारला."

"अहो, हळू. वर मासे आहेत बारीक," वहिनी म्हणाल्या.

"मासे? छपरावर? उन्हात सुकत घातलेत काय?" त्याने हात काढून घेतला. "उन्हात ने. ओटीवर अंधार आहे."

ओटीवर अंधार नव्हता. दुपारचे ऊन अर्ध्या ओटीवर आलेले होते. मी किल्ला दोन्ही हातांत उचलला आणि अंगणात उभा राहिलो. वहिनींनी भावाला धरून पायरीवर आणले. तो मान एका बाजूला कलती करून उरलेली फट शोधू लागला.

"जरा डावीकडे," तो म्हणाला. मी डावीकडे सरकलो. "वर घे. एवढा नको. खाली." मी वर घेतला, खाली घेतला. पांढऱ्या भिंतींवर ऊन पडले होते. अशा उन्हात पन्हाळीची प्रत्येक रेघ दिसते.

"थांब."

मी थांबलो.

त्याचे तोंड आणि डोळे माझ्याकडे नव्हते. ते विहिरीच्या कठड्याकडे होते. माझ्यात आणि कठड्यात चांगले चार हातांचे अंतर होते. सरकावे की सरकू नये, मला कळेना. सरकलो असतो तर माझी पावले त्याने ऐकली असती.

"दिसलं," भाऊ म्हणाला. "पाचही छपरं दिसली."

वहिनींनी विहिरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "दिसलं ना? बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पदर सावरत घरात गेल्या.

भाऊ तसाच कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. माझे दंड भरून आले होते. त्याने थांब म्हटले होते, ठेव असे म्हटले नव्हते. मी किल्ला धरून उन्हात उभा राहिलो.