माध्यमाचा दाखला

गडचिरोलीला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत असताना परदेशातल्या एका विद्यापीठाने मला प्रवेश देऊ केला. अट एकच होती: इंग्रजीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, नाहीतर शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा दाखला. परीक्षा नागपूरला, आणि तिचा निकाल मुदत संपल्यावर लागणार. म्हणजे दाखलाच हवा होता. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी. विभागप्रमुखांची सही म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं मी धरून चालले होते.

आमचे विभागप्रमुख सर चिमूरकडचे. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. "शिकवलं तं मी मराठीतच ना? खोटं कसं लिहून देऊ?"

मी चिडले. बाकीच्या कॉलेजांत डोळे झाकून सह्या ठोकतात, हेही ऐकवलं. सर शांतपणे म्हणाले, सोमवारपासून इंग्रजीतून शिकवतो. महिनाभर तसं शिकवलं की तेवढ्याचा दाखला देतो.

बोलल्याप्रमाणे ते वागले. अडखळत, घाम पुसत, पण इंग्रजीतूनच. वर्ग चिडीचूप. होस्टेलवर माझ्या खोलीतली मैत्रीण भामरागडकडची. घरी गोंडी, मराठीसुद्धा तिला शाळेत जाऊन शिकावी लागलेली. एरवी शंका विचारून सरांना भंडावून सोडणारी ही बाई आता मान खाली घालून फळा उतरवून घ्यायची. सर विचारायचे, शंका आहे का? ती नुसती नकारार्थी मान हलवायची.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती तासाला निघेचना. कारण विचारलं तर चादरीची घडी घालत म्हणाली, "मले काईच समजून नाई राह्यलं. पण तू सरले सांगू नको. तुले कागद पाह्यजे."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिला हाताला धरून वर्गात नेलं. सर फळ्यावर लिहीत होते. मी उभी राहिले आणि मराठीतून शिकवा म्हटलं.

सरांनी खडू खाली ठेवला. "मंग तुयं कसं होईन?"

"परीक्षा देईन, सर."

त्यांनी फळा पुसला आणि त्या पहिल्या सोमवारपासूनचं सगळं मराठीतून नव्याने सुरू केलं. मैत्रिणीने तास संपेपर्यंत त्यांना सोडलं नाही.

त्या वर्षीचा माझा प्रवेश हुकला. घरी फोन करून मी पोटभर रडले, आणि शेजारच्या खाटेवर बसून ती माझ्याहून जास्त रडली.