मुंगीने नकार दिला तेव्हा

वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती केस काळे होते तेव्हापासून नोकरीला होती. तिथे ती नुसती ‘मॅडम’. पण सकाळी घर जागं व्हायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती एक ओपन सोर्स लायब्ररी सांभाळायची. तारखा आणि आकडे नीट वाचणारा हा कोड कुणीही फुकट वापरावा. इंटरनेटवर तिचं नाव होतं ‘मुंगी’. ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

लायब्ररीला एकच दुखणं होतं, एक जुनाट कंपायलर. माणसाने लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा करून देणं हे त्याचं काम. पण तो भाषेचे नियम धाब्यावर बसवायचा. त्याच्या कलाने घ्यायला तिने जागोजागी ठिगळं लावली होती.

“जावयाचेसुद्धा कुणी इतके लाड करत नाही,” नवरा म्हणायचा.

एके दिवशी एक ठिगळ काढताना दुसरी तीन उसवली आणि तिने जाहीर करून टाकलं: पुढच्या आवृत्तीपासून हा कंपायलर चालणार नाही.

जगभरातून शाबासकी आली. बोंब उठली ती फक्त तिच्याच ऑफिसात. तिथले प्रोग्रॅमही हीच लायब्ररी वापरायचे आणि तिथे अजून तोच कंपायलर होता. नवा घ्या म्हणून ती दरवर्षी सांगायची आणि साहेब दरवर्षी म्हणायचे, “चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?”

आता साहेब भडकले. “ही मुंगी स्वतःला समजते कोण? मॅडम, चांगलं खरमरीत पत्र लिहा!”

तिने लिहिलं. नोकरी ती नोकरी. लिहिता लिहिता तिला ऑफिसची बाजू चक्क पटू लागली. घरी नवऱ्यानेही वाचून मान हलवली. “बिचाऱ्यांची अडचण खरी आहे गं.”

“आहेच,” ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर लिहायला बसली. जुनी आवृत्ती आहे तिथेच राहील, खुशाल वापरा. दुरुस्त्या मात्र फक्त नव्या आवृत्तीत होतील. क्षमस्व.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “उर्मट आहे लेकाचा. पण मुद्द्याचं बोलतो. मॅडम, आपण नवा कंपायलर घेऊन टाकू. हे तुम्ही आधी का नाही सुचवलंत?”

तिने चष्मा काढून पुसला. “राहून गेलं, साहेब.”

नवा कंपायलर आला आणि पहिल्याच दिवशी त्याने कंपनीच्या कोडमध्ये शेकड्यांनी चुका दाखवल्या. जुना त्या निमूट पोटात घालत होता. दुरुस्तीचं काम अर्थातच मॅडमकडे आलं. बहुतेक ओळी तिच्याच हातच्या निघाल्या, त्यामुळे कुणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय राहिली नाही.