थेंबातून निघालेला तंतू

लग्नानंतर आम्ही दोघंही सौदीला आलो, पण देशाच्या दोन टोकांना. नवरा रास तनुराला रिफायनरीत वेल्डर, राहायला कॅम्पात. मी जेद्दाजवळच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. मधे अख्खं वाळवंट. सुट्टी मिळाली की तो विमानानं यायचा. जेद्दातल्या शराफिया भागात जेवायचो, समुद्रावर बसायचो, की लगेच त्याची परतायची वेळ व्हायची.

माझं काम प्लास्टिकपासून केसाहून कितीतरी बारीक तंतू काढायचं. हे तंतू जखमेवरच्या पट्टीसाठी हवे होते, त्यांत रसायनाचा अंश राहून चालणार नव्हता, म्हणून प्लास्टिक रसायनात विरघळवायचं नव्हतं. त्याची बारीक कांडी हळूहळू पुढे सरकवायची, लेझरनं फक्त टोक वितळवायचं आणि उच्च दाबाच्या विजेनं त्या थेंबातून तंतू समोरच्या पत्र्यावर खेचून घ्यायचा. लेझर कमी पडला की जाड दोरा यायचा. जास्त झाला की टोक पिवळं पडून धूर निघायचा. कित्येक महिने या दोन्हींच्या मधलं काही साधत नव्हतं.

एकदा ईदच्या सुट्टीत मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. लेझरपासून बचावाचा जाड चष्मा लावून तो काचेबाहेर उभा राहिला. थेंब फुगला, लोंबला, गळून पडला.

"असंच होतं रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

विमानतळावर म्हणाला, "जमलं की पहिला फोन मला कर हं."

जमलं ते एका सकाळी. थेंबाला टोक आलं आणि त्यातून काहीतरी निसटलं. दिवा तिरका धरला तेव्हा पत्र्यावर धुक्यासारखा पापुद्रा चमकला. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रिफायनरीत कामावर जाताना कामगारांना फोन गेटवरच ठेवावा लागे. दुपारी कॅम्पाच्या बसमधून त्याचा फोन आला.

"अहो, आला तंतू!"

त्यानं बसभर हिंदीतून ओरडून सांगितलं. मागून कुणीतरी "मुबारक, भाभी!" म्हणालं. मला रडू फुटलं. "तुम्ही इथे असायला हवे होतात," एवढंच म्हणता आलं.

पुढे माझा करार संपला. दरम्यान त्याला बढती मिळाली, इकाम्यावरचा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा बदलला आणि कुटुंब जवळ ठेवायची परवानगी आली. मी सामान बांधून इकडे रास तनुराला आले. आता आमचं भाड्याचं घर आहे, तो संध्याकाळी घरी असतो, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. इतकी वर्षं याच दिवसांसाठी झुरले. आणि आता वर्गात शिकवता शिकवता मधेच प्रयोगशाळेच्या त्या बंद, थंड खोलीची इतकी आठवण येते की फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहतं.

त्याच्या लक्षात आलंय. परवा कोळंबी सोलता सोलता म्हणाला, "जेद्दाला अर्ज करून बघ ना."

"आणि तुम्ही?"

त्यानं हातातली कोळंबी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाला, "आधी अर्ज तर कर."

मी अजून केलेला नाही.