डाव्या कानातला चढलेला सूर

डॉक्टरांनी नादकाटा तळहातावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवली. धातू गार होता.

"आवाज कुठे येतोय?"

"उजवीकडे."

"नक्की?"

मी डोळे मिटून पुन्हा ऐकले. कपाळाच्या मध्यातून निघालेला तो नाद सरळ उजवीकडे जात होता. डावीकडे काहीच जात नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, "कानात मळ असता तर आवाज डावीकडे गेला असता. हा आतल्या कानाचा प्रश्न आहे."

त्यानंतर काचेच्या खोलीतली तपासणी झाली. प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे एकेका कानात खर्जापासून तारसप्तकापर्यंतचे सूर क्षीण करत नेत, कुठवर ऐकू येते ते कागदावर मांडणे. उजव्या कानाचे लाल गोल कागदाच्या वरच्या भागात एका ओळीत बसले होते, फक्त अगदी वरच्या सुरांपाशी वयामुळे थोडे खाली उतरले होते. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या मध्यापासून सुरू होऊन घसरत तळाशी गेल्या होत्या.

डॉक्टरांनी निदान सांगितले: सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. आतल्या कानातील सूक्ष्म पेशी किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस अचानक काम करीनाशी होते. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, दहा. त्यांनी पेन खाली ठेवले. "पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. दोन आठवड्यांच्या आत आलात, एवढं बरं आहे."

त्या दहा दिवसांचा हिशेब मला प्रामाणिकपणे द्यायला हवा, कारण ते दिवस माझ्या अज्ञानापेक्षा माझ्या लौकिकामुळे वाया गेले.

मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवली. निवृत्तीनंतर सक्करदऱ्याला मेश्रामजींच्या घरी दर रविवारी सकाळी भरणाऱ्या गाण्यांच्या बैठकीला जाऊ लागले. आठ-दहा माणसे जमतात. मेश्रामजी मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले फिटर. त्यांच्याकडे तबकड्यांची दोन कपाटे आणि स्वतः जुळवलेले एक वादनयंत्र आहे. ज्याची पाळी असेल त्याने तीन गाणी निवडायची आणि प्रत्येक गाण्याआधी त्यामागची गोष्ट सांगायची: चाल कशी सुचली, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी काय घडले, कोणते कडवे गाळले. गोष्टी बहुधा ऐकीव असतात. माझी शेजारीण नलूताई प्रत्येक गोष्टीनंतर न चुकता विचारते, "तू गेलती का वं तिथं?"

या बैठकीत माझा कान प्रमाण मानला जाई. कोणत्या गाण्यात कोणता राग डोकावतो, कोणती तबकडी नंतरच्या मुद्रणाची आहे, हे मी सांगे आणि ते मान्य होई. मला ते आवडतही होते.

चैत्रातल्या एका शनिवारी सकाळी उठले तेव्हा डावा कान पाण्याखाली असल्यासारखा वाटला. सोबत एक बारीक, अखंड घरघर होती. मी शेजारच्यांच्या कूलरला दोष दिला. फोन मी नेहमी उजव्या कानाला लावते, म्हणून बोलण्यात काही जाणवले नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत माझी पाळी होती. मी आकाशवाणीच्या काळातले एक भावगीत नेले होते. त्याची गोष्ट अशी सांगतात की, मुद्रणाच्या दिवशी व्हायोलिनवादक वेळेत पोहोचले नाहीत, म्हणून सुरुवातीची धून एकट्या क्लॅरिनेटवर घेतली गेली आणि तीच गाण्याची ओळख ठरली. नलूताईने आपला प्रश्न विचारला. लोक हसले. मेश्रामजींनी सुई ठेवली.

मला दोन क्लॅरिनेट ऐकू आले. एक ओळखीचा आणि त्याच्या डावीकडे, पाव सुराने चढलेला, पत्र्यासारखा दुसरा.

मी हात वर करून गाणे थांबवले. "मेश्रामजी, तबकडी वेगात फिरते आहे."

"नाही मॅडम, परवाच तपासली मी."

"सूर चढला आहे. ऐका ना."

त्यांनी पुन्हा लावले. चौघे जण माना हलवून म्हणाले, हो, किंचित चढल्यासारखा वाटतो खरा. मी म्हटले म्हणून त्यांना तसे वाटू लागले होते. मेश्रामजींनी चष्मा काढून यंत्राकडे पाहिले. आजारी लेकराकडे पाहावे तसे ते पाहणे होते.

आठवडाभर त्यांनी ते यंत्र खोलून ठेवले. पट्टा बदलला, मोटारीला तेल दिले, आणि तरीही वेगात फरक सापडला नाही, तेव्हा केवळ माझ्या शब्दाखातर वेगाचा स्क्रू थोडा मागे घेतला. त्या आठवड्यात मी घरी मोबाइलवरही गाणी ऐकून पाहिली. तीही तशीच फुटलेली ऐकू आली. मी निष्कर्ष काढला की मोबाइलचा आवाज कनिष्ठच असतो. नलूताईने लसूण घालून कोमट तेल कानात सोडायला सांगितले. ते मी टाळले, पण डॉक्टरकडेही गेले नाही. उन्हाळ्यात कान बसतो, एवढ्यावर मी समाधानी होते.

पुढच्या रविवारी सर्व गाणी त्या मंदावलेल्या यंत्रावर वाजली. सगळ्यांना ती उतरलेली, ओढलेली ऐकू येत असणार. माझ्या भिडेपोटी तीन गाणी होईस्तोवर कोणी तोंड उघडले नाही. शेवटी नलूताईच म्हणाली, "काहून वं, गाणारीले झोप येऊन राहिली का?"

सगळे हसले. मी हसले नाही. "अजूनही चढलेलेच आहे," मी म्हणाले.

मेश्रामजींनी स्क्रू पूर्वीच्या जागी आणला, तीच तबकडी लावली आणि मोबाइलवर तेच गाणे जुळवून सुरू केले. दोन्ही एकमेकांना धरून चालले. मग ते माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. उजव्या कानावर हात ठेवा बरं जरा."

मी हात ठेवला. गाणे जवळजवळ नाहीसे झाले. उरले ते पत्र्यावर नखे ओढल्यासारखे काहीतरी.

"आमच्या प्लांटमधे दरवर्षी कान तपासत," ते म्हणाले. "टर्बाइनच्या आवाजानं कितीकांचे गेले. मशीन बरी आहे मॅडम. उद्या सकाळी दवाखान्यात चला, मी रिक्षा घेऊन येतो."

त्या दुहेरी सुराला डिप्लाक्युसिस म्हणतात, हे मला डॉक्टरांकडून कळले. दुखावलेला कान तोच सूर वेगळ्या उंचीवर मेंदूला कळवतो. मेंदूपाशी एकाच गाण्याची दोन वृत्ते येतात.

मी विचारले, "गाणं पुन्हा गाण्यासारखं ऐकू येईल का?"

"काहींना पूर्ण येतं, काहींना अर्धं, काहींना येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही कुणात बसाल, ते मी आज सांगू शकत नाही."

या उत्तराबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या दिवशी कोणी खोटा धीर दिला असता, तर पुढचे आठवडे मी त्या धीराची परतफेड मागत बसले असते.

त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. नसेभोवतीची सूज उतरावी, हा त्यांचा हेतू. तोंडाला तांब्याची चव आली, झोप तुटली, साखर वाढली. नस दाबणारी गाठ तर नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय काढले. त्या नळीतला ठोका मला एका बाजूनेच लागत होता. गाठ नव्हती.

गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात विशेष फरक पडला नाही. मग इन्ट्रा-टिम्पॅनिक इंजेक्शन ठरले, म्हणजे कानाच्या पडद्यातून बारीक सुई घालून औषध थेट मधल्या कानात सोडणे. आठवड्याला एक, अशी तीन.

रुग्णालय धंतोलीत होते. प्रतीक्षागृहात कूलरचा वाळा, फिनाइल आणि ओल्या रुमालांचा वास एकत्र झालेला असे. पहिल्या वेळी माझे नाव तीनदा पुकारले गेले. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्रातला शंखाकार भाग पाहत होते.

"अवं, तुलेच बोलावून राहिले!" नलूताईने मला हलवले. ती माझ्या डावीकडे बसली होती आणि बहुधा बराच वेळ बोलत होती. "मी इतकं बोलली, ते?"

"ऐकू आलं नाही."

"मंग हो हो काहून करत होती?"

ती उठून माझ्या उजवीकडे येऊन बसली. त्यानंतर ती नेहमी त्याच बाजूला बसली.

ज्यांना हे इंजेक्शन घ्यायचे आहे त्यांच्यासाठी लिहिते. आधी पडदा बधिर करतात. कुशीवर निजवतात. सुई टोचल्याचे कळते, पण दुखणे सोसण्यासारखे असते. औषध आत जाताना खोली क्षणभर फिरते आणि कानाच्या मुळाशी गार पाण्याची एक रेघ उतरते. नंतर अर्धा तास तसेच पडून राहायचे. बोलायचे नाही, गिळायचेही नाही, कारण गिळले की औषध घशाकडे निघून जाते. त्या अर्ध्या तासात माझ्याजवळ भिंतीवरचा एक डाग आणि तोंडात साठत गेलेली लाळ, एवढेच असे. कविता आठवून पाहिली, ओळी मध्येच तुटत. मग मी मोजायला लागले. मोजणे जमले.

त्या काळात मी गाणे ऐकले नाही. स्वयंपाकघरातला रेडिओही बंद ठेवला. दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी हे सांगितले तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. "ऐका. थोडं थोडं, रोज. कानाला कामाला लावा. बिघडलेलं ऐकू येईल, पण ऐका." बिघडलेल्या गाण्यापेक्षा शांतता मला अधिक सभ्य वाटत होती. तरीही रोज दहा मिनिटे ऐकू लागले. प्रिय गाणी टाळली. जाहिरातींची गाणी ऐकली, कारण ती बिघडण्याचे दुःख नव्हते.

तिसऱ्या इंजेक्शननंतर दहा दिवसांनी पुन्हा काचेच्या खोलीत बसले. निळ्या फुल्या खर्जाच्या आणि मधल्या सुरांपाशी वर आल्या होत्या. तार सुरांपाशी त्या जिथे होत्या तिथेच होत्या. डॉक्टरांनी नादकाटा एकेका कानाशी धरला. मी तीन वेळा ऐकले. दोन्हीकडे एकच सूर होता.

"वरचे आवाज?" मी विचारले.

"आता फार बदलतील असं मला वाटत नाही. तीन महिन्यांनी पाहू. मग श्रवणयंत्राचा विचार करू."

ज्यांचा एक कान एका सकाळी अचानक बधिर होईल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तेल घालू नका, हवामानाला दोष देऊ नका. आणि घरातल्या साऱ्यांना यंत्र ठीक वाटत असेल, तर ते ठीक आहे असे धरून चाला.

बैठकीला परत गेले तो मेश्रामजींच्या पाळीचा रविवार होता. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमच्यामुळं मशीनची ओव्हरहॉलिंग झाली मॅडम, नाहीतर कोण करत होतं." मग त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांचे गाणे एका जुन्या हिंदी चित्रपटातले, गाडीवानाचे होते. त्यात घुंगरू हवे होते. वाजवणारा आला नव्हता. तेव्हा एका पोक्त ढोलकीवाल्याने ते स्वतःच्या मनगटाला बांधले आणि ढोलकीच्या जोरकस थापांसोबत ते वाजत गेले.

नलूताईने प्रश्न विचारला, लोक हसले, गाणे सुरू झाले.

ढोलकी आली, भरीव आणि एकसंध. गाणाऱ्याचा आवाज आला, त्याच्या श्वासासकट. दोन्ही बाजूंना तोच होता. गाणे खोलीत सगळीकडे पसरले होते आणि मला पुन्हा त्याच्या आत बसता येत होते. पण घुंगरू माझ्यापर्यंत जेमतेम येत होते. उजवीकडून एक पुसट झाक, ढोलकीखाली दबलेली.

आमच्याकडे गाणे चालू असताना कोणी बोलत नाही. नलूताई माझ्या उजव्या कानाशी वाकली. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता.

"आता वाजून राहिले वं," ती कुजबुजली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता थांबले." मग, "पुन्हा. आता. आता."

कोणी तिला गप्प केले नाही. मी डोळे मिटले आणि तिच्या शब्दाशब्दावर ते घुंगरू मनात बांधत गेले. तिचे "आता" थापेच्या किंचित मागे पडत होते. मी तिला दुरुस्त केले नाही.