हायब्रीड गाडीचा पिवळा दिवा आणि आमचे तात्या

मंडळी, आज बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगरजवळ आमच्या नव्या हायब्रीड गाडीच्या इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मला वाटलं, मोठी बॅटरीच गेली!

गाडी बाजूला घेऊन शोरूमला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "दिवा लुकलुकत नाही ना? मग घाबरू नका. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. ते नीट बसलं नसलं तरी हा दिवा लागतो."

बघतो तर झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद!

शेजारी बसलेले माझे वडील, तात्या, शांतपणे म्हणाले, "मीच बसवलाय. पेट्रोल उडून जातंय. आपल्या जुन्या जीपला कायम व्हता की!"

कागद काढून झाकण घट्ट लावलं. संध्याकाळी परतताना दिवा विझला. हुश्श!

तात्यांनी मात्र तो कागद घडी घालून खिशात ठेवलाय. आता पेट्रोल पंपावर नजर मीटरवर ठेवू की तात्यांवर?