बारा दसऱ्यांची वही

हे मी आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, आणि वहिनीलाही तिच्या शेवटच्या दुखण्यात नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या घरचे नाही, एवढ्याचसाठी. घरच्यांना मी बारा वर्षं नुसते प्रश्न विचारत आलो.

दर दसऱ्याला, सोनं वाटून झालं की आई ओसरीवर घोंगडी अंथरायची आणि मी वही काढून बसायचो. चौथीपर्यंत शिकलेला घरात मी एकटाच, बाकी सगळे मेंढरांमागं. ताडकळसच्या बाजारातून आणलेली जाड पुठ्ठ्याची वही, आणि वर माझ्या अक्षरात — 'जबाब'. चावडीवर पोलिसांच्या अमीनसाहेबांना जबाब घेताना पाहिलं होतं, तसाच घ्यायचो. नाव, प्रश्न, उत्तर, अंगठा. आणि विचारायचो काय? — दादाला शेवटचं कुणी पाहिलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. निजामी संपत आली होती त्या भादव्यात तो घरातून निघाला. रझाकार तरण्या पोरांना उचलून नेत होते, म्हणून त्यानं ठरवलं की नदी ओलांडून पूर्ण्याचं ठेसन गाठायचं आणि तिथून सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत जायचं. आमच्याकडचे पुष्कळ तसेच गेले होते. नदीला पाणी होतं. मेंढरं पार करायची आमची रीत अशी, की एकानं पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्यानं दोर घेऊन काठावर उभं राहायचं. म्हणून मी अंबाडीचा दोर खांद्यावर टाकून त्याच्यासोबत गेलो. दुपारी एकटा परत आलो. सांगितलं, दोर फेकला, दोराला धरून दादा पलीकडं पोचला, ठेसनाकडं गेला. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

पुढं निजामी गेली. छावणीतले लोक एकेक करून गावी आले. दादा आला नाही. तेव्हा आई म्हणाली, "तुला लिव्हता येतंय, समद्यांला इचार. कुणाला काय दिसलं आसंल, ते लिव्हून ठिव."

आणि मी विचारत सुटलो. सगळ्यांना वाटायचं, काय भावाची माया आहे! माया? मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्या दिवशी नदीकाठी मला कुणी पाहिलं का. कुणीच पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षीच ते कळलं. मग पुढची अकरा वर्षं का विचारलं? — थांबलो असतो तर, का थांबलास, असं कुणीतरी विचारलं असतं.

माझी आत्या, बापाची बहीण, पहिल्या वर्षी म्हणाली, मला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी मी विचारलं, त्याच्या डोक्याला तांबडा पटका होता का? "व्हता की, तांबडाच व्हता." चौथ्या वर्षी तिला दादा ठेसनावर दिसला. पाचव्या वर्षी तर — "चा पियालता. मला बघून हात केला बघ!" आत्यानं पूर्ण्याचं ठेसन जन्मात पाहिलं नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं दिसायला लागलं होतं. मी लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा घेतला. तेव्हा मला काय वाटलं म्हणाल, तर काही नाही. शाई वाळायची वाट पाहिली.

वहिनीचा जबाब मात्र कधी बदलला नाही. गिरजा तिचं नाव. दादा गेला तेव्हा एकोणीस वर्षांची. दरसाल तेच सांगायची — "भाकर बांधून दिली. कांदा द्यायचा इसरला." मी दरसाल तेवढंच लिहायचो.

सहाव्या वर्षी पाथरीकडून तिचा भाऊ आला. एक बिजवर पाहिला होता त्यानं, चांगला, कष्टाळू माणूस. बाई विधवा असेल तर दुसरं लग्न, म्हणजे पाट, आमच्यात लागतो. पण नवरा जिता असेल तर? पंच बसले. म्हणाले, त्याचं काय झालं त्याचा पुरावा काय? कुणीतरी माझ्या वहीचं नाव काढलं. मी वही आणली. आत्याचा पाचव्या वर्षीचा जबाब उभ्यानं वाचून दाखवला — चहा, तांबडा पटका, वर केलेला हात. माझा आवाज कापला नाही. पंच म्हणाले, माणूस जिता आहे, पाट लागत नाही. वहिनी दाराआड उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी तिनं मला जेवायला वाढलं आणि मी दोन भाकरी खाल्ल्या.

आता नदीचं सांगतो. इतका वेळ टाळतोय, दिसतंय ना? — दादा म्हणाला, "पानी कमरंइतकंच हाय. दोर ऱ्हाऊ दे, लागला तर टाक." मधोमध त्याचा पाय सुटला. त्यानं मला नावानं हाक मारली, दोनदा. दोर माझ्या खांद्यावर होता. माझ्या मनात आलं — फेकला तर मीही ओढला जाईन. काठावर बाभळ होती, तिला एक वेढा दिला असता तरी भागलं असतं. मी उभा राहिलो. वळणापाशी त्याचं डोकं दिसेनासं झालं, त्यानंतरही पुष्कळ वेळ उभाच होतो.

बारा वर्षं झाली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचे दिवस घालतात. जोशीबुवांनी पळसाच्या पानांचा माणूस केला, आणि मी, धाकटा भाऊ, त्याला अग्नी दिला. वहिनीच्या बांगड्या फोडल्या. ती एकतीस वर्षांची होती. पाथरीकडच्या त्या माणसाचं लग्न केव्हाच होऊन गेलं होतं.

त्या दसऱ्याला घोंगडी अंथरली नाही. मी वही बांधून ठेवत होतो, तर वहिनी उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

"भावजी, यंदा माझा जबाब घेतला न्हाई."

मी म्हणालो, तुमचा तर दरसाल तोच असतो.

"त्या दिशी तुमी आल्यावर दोर मीच खुटीला टांगला," ती म्हणाली. "कोरडा व्हता. अंबाडीचा दोर भिजला तर दोन दीस वाळत न्हाई. — ते तुमी कधी इचारलंच न्हाई."

मी वहीची गाठ आवळली. ती चुलीकडं गेली.

त्यानंतर ती कितीतरी वर्षं आमच्याच घरात होती. माझी लेकरं तिनं वाढवली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही. वही अजून माझ्याकडे आहे, सगळ्यांचे अंगठे आहेत तिच्यात. वहिनीचं ते वाक्य मी लिहून घेतलं नाही. दोर मी फेकला नव्हता. आणि पंचांसमोर वही वाचत होतो तेव्हा, ती दाराआड उभी आहे हे मला दिसत होतं.