तांब्या कुणाच्या हातात

फाटकातच त्या घरातल्या कर्त्या मुलानं मला आडनाव विचारलं. माझ्या एकटीला. केतकीताईंना नाही, कॅमेरावाल्या दादाला नाही. मी सांगितलं. त्यानं ताईंकडे पाहिलं, ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ताई हसून म्हणाल्या, "तू ओटीवरच बस. हेडफोन लाव. बाहेरचा काही आवाज मध्ये येतोय का, तेवढं बघ."

काम मिळालं म्हणून मी बसले.

शहापूर तालुक्यातलं गाव ते. घर मोठं, मागे स्वतःची बांधीव विहीर, माजघरात मांडणीवर तांब्यापितळेचे हंडे. ताईंची ठाण्याची वारसा जपणारी संस्था आमच्या शहापूर-मुरबाडच्या जुन्या विहिरींवर फिल्म करत होती. नाव होतं 'पाण्याचा वारसा'. मी इतिहासाची एम.ए.ची विद्यार्थिनी. नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची, त्याशिवाय वर्ष पुढे सरकत नाही. वर ताईंनी सांगितलेलं की काम चांगलं केलं तर एकीला संस्थेत कायम घेऊ. ती एक मी व्हायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

आत घरातल्या आजींच्या पदराला माइक लावला होता. तार नव्हती. आवाज सरळ माझ्या कानात येत होता. हे ताईंच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलंही असेल.

आजींनी विचारलं, "ती भायेर बसलेली पोरगी कुनाची?"

ताई म्हणाल्या, "आमच्याकडे शिकायला आलीय. तुम्ही काळजी करू नका आजी, तिला मी मुद्दामच बाहेर बसवलंय. आम्हाला कळतं."

"नाय, आपलं विचारलं. हल्ली वळखू येत नाय."

मग दोघी हसल्या. हसण्याचा आवाज थोडा मोठा आला, म्हणून मी पातळी कमी केली. मग आजी हंड्यांबद्दल सांगू लागल्या. कुठला हंडा माहेरून आला, कुठला कल्हईला दिला की आठवडा आठवडा यायचा नाही. छान सांगत होत्या. इथं मला राग आला असं लिहायला हवं. आला नाही. काहीच आलं नाही. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांचा आवाज मध्ये येतोय का ते मी ऐकत बसले.

चहा मला ओटीवर आणून दिला. कशातून दिला ते सांगत बसत नाही. तुम्हाला माहीत आहे.

परतताना गाडीत ताईंनी मला समजावलं. मनाला लावून घेऊ नकोस, त्या पिढीला आपण बदलू शकत नाही, आपण भांडलो तर ही घरं आपल्याला दार उघडणार नाहीत आणि मग हा सगळा वारसा जाईल. मी "हो ताई" म्हटलं. अडला हरी म्हणतात ना, तसं. ताई वाईट नव्हत्या. मला पुस्तकं द्यायच्या, माझं लिखाण दुरुस्त करून द्यायच्या, सगळ्यांसमोर कौतुक करायच्या. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढे ऑफिसात ते रेकॉर्डिंग साफ करायचं काम माझ्याकडेच आलं. सुरुवातीचं विषयाबाहेरचं बोलणं काढून टाक, असं ताई जाता जाता म्हणाल्या. कापताना पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. त्या वाक्यांची रेघ बाकीच्या वाक्यांसारखीच होती. मी कापलं. फाइल जपून ठेवली, जेवायला गेले, डबा खाल्ला. घरी आईनं विचारलं, कसं चाललंय? मी म्हटलं, मस्त. महिनाभर असंच चाललं. मी वेळेवर जायचे, वेळेवर यायचे, झोप लागायची. आतून कुणीतरी दिवा घालवून ठेवल्यासारखं झालं होतं, आणि मला अंधाराचाही त्रास होत नव्हता.

मग संस्थेतल्या मोठ्या लोकांनी अर्धी फिल्म पाहिली आणि म्हणाले, ही फार एका बाजूची होतेय, दुसरी बाजूही हवी. दुसरी बाजू म्हटल्यावर खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईंनी विचारलं, तुझ्या घरी कुणी म्हातारं माणूस आहे का? मी म्हटलं, आत्या आहे. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आपल्या घरचं माणूस फिल्ममध्ये येणार, म्हणून.

आमचं घर धसईच्या पुढे, गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाडीत. आत्या म्हणजे माझ्या वडलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहिली. जन्मभर लोकांची भातं लावली, आता गुडघे गेलेत तरी परसातली भाजी घेऊन धसईच्या बाजाराला जाते. त्या दिवशी तिनं बुद्धपौर्णिमेला नेसायची पांढरी साडी काढली. विहारातून खुर्च्या आणवल्या. चहाचं आधण ठेवलं.

ताई आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. कुणाला विचारलं नाही. आमच्या घरात विचारावं लागत नाही. मग कामाला लागल्या. फ्रिज फ्रेममध्ये येत होता, त्याच्यावर गोधडी टाकली. माझा पदवीचा फोटो उतरवला. आत्याला म्हणाल्या, आजी, रोजची साडी नेसता का? ती नेसून आली. मग खुर्ची काढली.

"खुर्ची कशाला काढता गो?" आत्या म्हणाली. "मी रोज खुर्चीवरच बसतंय. गुडगं दुखतात माजं."

पण पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून भिंतीला धरून धरून ती खाली बसली. मी हेडफोन लावून आत उभी होते. या घरात मला आत उभं राहता येत होतं.

ताईंनी विचारलं की लहानपणी वरच्या आळीच्या विहिरीवर पाणी कसं मिळायचं. आत्यानं सांगितलं. विहिरीला हात लावायचा नाही. लांब बसायचं. कुणी आलं आणि त्याला दया आली तर तो वरून ओतणार, आपण ओंजळीनं प्यायचं, कळशी असली तर ती खाली ठेवून मागे सरायचं. ताईंनी विचारलं, तेव्हा कसं वाटायचं?

"कसं वाटनार? तहान लागलेली असायची."

ताईंना हे पुरेसं वाटलं नसावं. त्या पुढे सरकल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, आजी, ओंजळ कशी धरायचात, एकदा दाखवा ना. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, हे माझ्या परीक्षेचं काहीतरी आहे. तिनं हात वर केले. संधिवातानं तिची बोटं वाकडी झालीत, ती नीट जुळेनात. ताई सांगत होत्या, थोडं वर, मान खाली, हं, अशीच. दादा कॅमेरा घेऊन अगदी जवळ गेला. आणि ताईंनी ओट्यावरचा आमचा तांब्या भरून माझ्या हातात दिला.

"तू वरून ओत. तू दिसणार नाहीस, फक्त हात येईल. हात कुणाचाही चालेल."

तांब्या जड होता. खाली आत्याची ओंजळ होती, तिच्यावर टक्कल पडू लागलेलं तिचं डोकं. ती वर बघत नव्हती. सवय असल्यासारखी बसली होती. कुणीतरी आता ओतेल, म्हणून.

मला तेव्हा एवढंच समजलं की या फिल्ममध्ये हंड्यांना मालक आहेत, विहिरीला मालक आहेत, तहानेला आमचं नाव आहे. आणि ओतणाऱ्याला नाव नाही, तोंड नाही. नुसता हात. तोही माझा.

मी तांब्या जमिनीवर ठेवला. हेडफोन काढले.

"नाय ताई. हात कुनाचाही नाय चालायचा."

ताईंना कळलं नाही. मी आत्याला म्हटलं, "हात खाली घे. ऊठ. खुर्चीवर बस." तिला उठवायला मला दोन्ही हात लावावे लागले. दादानं कॅमेरा बंद केला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. ताई शांतपणे म्हणाल्या, तू भावनिक होते आहेस, इतिहासाच्या विद्यार्थ्यानं विषयापासून अंतर राखायला हवं. मी म्हटलं, तुम्ही चहा घेऊन जा. त्यांनी घेतला नाही.

इंटर्नशिप अपूर्ण, असा शेरा कॉलेजात आला. कारण लिहिलं होतं, व्यावसायिक वर्तनाचा अभाव. माझे मार्गदर्शक सर चिडले. वर्ष गेलं. संस्थेतली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आत्या तर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. ती बाई एवढ्या लांबून आली आणि तू तिला उपाशी घालवलीस, म्हणाली. दोन मिनटं हात धरले असते तर माझं काय झिजलं असतं?

मग एका सकाळी ती भाजीच्या जुड्या बांधत असताना मी तिला विचारलं, ओतायचं कोण? तिनं लगेच नाव सांगितलं. वरच्या आळीतली, तिच्याच वयाची. रानात दोघी मिळून करवंदं काढायच्या, एका पानात खायच्या. विहिरीवर आल्या की ती वर उभी राहायची आणि ही खाली बसायची. ती अजून आहे. बाजारात भेटते, आत्याकडूनच मेथी घेते, गुडघ्यांची चौकशी करते.

"तिला नको विचारू गो. म्हातारी झाली ती."

"तू नाय झालीस?"

आत्या जुड्या बांधत राहिली.

मी प्रबंधाचा विषय बदलून घेतला आहे. सर म्हणाले, त्या घरांत तुझ्याशी कोण बोलणार? कदाचित कुणीच बोलणार नाही. आमच्या लोकांच्या ओंजळींवर पुष्कळ लिहून झालं, फोटो काढून झाले, लोकांचे डोळे पाणावून झाले. मला ओतणाऱ्यांचं लिहायचं आहे. या सोमवारी मी वरच्या आळीत आत्याच्या त्या मैत्रिणीकडे जाणार आहे. आत बोलावलं तर आत बसेन. नाही बोलावलं तर अंगणात उभी राहीन, पण माइक माझ्या हातात असेल आणि प्रश्न माझा असेल. तांब्या तुमच्या हातात होता, तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं?

उत्तर दिलं तर उत्तर लिहीन. गप्प बसल्या तर गप्प बसल्या असं लिहीन. नावासकट.